प्रश्नावली घेऊन येणारी माणसे

भूकंप, पूर, दरड किंवा चक्रीवादळ येऊन गेले की त्या भागात तीन प्रकारची माणसे पोहोचतात. मदत घेऊन येणारी, बातमी घ्यायला येणारी आणि प्रश्नावली घेऊन येणारी. पहिल्या दोन वर्गांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले जाते. त्यांचे कौतुक होते, त्यांच्यावर टीकाही होते. तिसऱ्या वर्गाची, म्हणजे संशोधकांची, चर्चा क्वचितच होते. वास्तविक पाहता आपद्ग्रस्तांच्या आयुष्यावर दीर्घकाळ परिणाम करणारे काम याच वर्गाचे असते. गाव जागेवरच वसवायचे की हलवायचे, घर कशाचे आणि केवढे बांधायचे, मानसिक आधाराची गरज कोणाला आहे, या प्रश्नांची सरकारी उत्तरे बहुधा कुणा ना कुणा अभ्यासकाच्या अहवालावर बेतलेली असतात. तो अहवाल लिहिणाऱ्याला त्या गावाचे जगणे कितपत कळले होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

गेल्या काही वर्षांत आपत्तीशास्त्राच्या जगात तो विचारला जाऊ लागला आहे. त्यासाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे ‘कल्चरल कॉम्पिटन्स’. मराठीत त्याला सांस्कृतिक सक्षमता किंवा सांस्कृतिक जाण म्हणता येईल. हा शब्द मूळचा आपत्तीशास्त्राचा नव्हे. अमेरिकेत बालकांच्या मानसिक आरोग्यसेवेसंदर्भात टेरी क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातून तो रूढ झाला. सेवा देणारा आणि घेणारा यांचे संस्कार, भाषा, श्रद्धा भिन्न असतील तर केवळ हेतू चांगला असून भागत नाही. त्या भिन्नतेसह काम करण्याची तयारी व्यक्तीने आणि संस्थेनेही करावी लागते, हे त्याचे सार. पुढे १९९८ मध्ये मेलानी टर्व्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर महिलांनी ‘सांस्कृतिक विनम्रता’ हा पर्यायी शब्द सुचविला. दुसऱ्याची संस्कृती ‘शिकून झाली’ असे कधीच होत नसते, असा त्यांचा आक्षेप होता. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप रास्त वाटतो. ‘सक्षमता’ म्हटले की भिंतीवर टांगायचे प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येते. तरीही आता शब्द रुळला आहे, तेव्हा तो वापरण्यास हरकत नाही.

या संकल्पनेचे महत्त्व समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. किल्लारी पुरेशी आहे.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून मराठवाड्यातील गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच होती. माणसे मेली ती प्रामुख्याने घरांमुळे. दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. भिंती ढासळल्या आणि माळवदाखाली झोपलेली कुटुंबे गाडली गेली.

येथपर्यंतचे निदान अचूक होते. त्यापुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. भेदरलेल्या लोकांनी पहिल्या काही आठवड्यांत सांगितले, की आम्हाला त्या जागेत, त्या दगडाच्या घरात परत जायचे नाही. कित्येकांनी दगडाचा धसकाच घेतला होता; पत्र्याखाली झोपणे त्यांना सुरक्षित वाटे. हे म्हणणे नोंदले गेले, त्याला ‘लोकांची मागणी’ असे नाव मिळाले, आणि जागतिक बँकेच्या साह्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. लोकांचे ऐकले नाही, असा आरोप येथे सरसकट करता येत नाही. ऐकले होते. पण ते केव्हा ऐकले, याचा विचार झाला नाही. प्रेते हलविली जात असताना माणूस जे उत्तर देतो, ते भीतीचे उत्तर असते. त्या उत्तरावर पन्नास वर्षांची गावे उभी करायची की सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तोच प्रश्न विचारायचा, हे ठरविणे संशोधकाच्या जाणतेपणाचा भाग आहे.

नवी गावे नगररचनेच्या शिस्तीत आखली गेली. रुंद सरळ रस्ते, काटकोनात छेदणारे चौक, एकमेकांपासून सुटी घरे. घराचे आकारमान जमिनीवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक जमीनदारांना ७५०. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. परंतु मराठवाड्यातील घर चौरस फुटांत मोजण्याची वस्तू नव्हती. ते खणांत मोजले जाई, आणि त्यात माणसांबरोबर जनावरे, धान्य, अवजारे आणि कडबाही राहात असे. ढेलज, सोपा, चौक, परसदार यांपैकी प्रत्येक जागेला काम होते. धान्यासाठी बळद आणि पेव होते. माळवदावर ज्वारी वाळे, उन्हाळ्यात माणसे झोपत. बंदिस्त चौक व अरुंद बोळ यांमुळे बायकांना पुरुषांच्या नजरेआड वावरता येई, शेजारणीकडे जाता येई. नव्या घरात यातले बहुतेक काही नव्हते. शौचालय होते, पण अनेक ठिकाणी त्याचा उपयोग अडगळ व सरपण ठेवण्यासाठी झाला, कारण ठेवायला दुसरी जागाच नव्हती. हे पाहून पाहुणे अभ्यासक ‘जनजागृतीचा अभाव’ असा शेरा मारून गेले असतील तर नवल नाही.

याहून गंभीर परिणाम शेजाराचा. जुन्या गावातील आळ्या भावकीच्या, जातीच्या, व्यवसायाच्या होत्या. घराच्या आकारानुसार गट पाडल्यावर त्या विस्कटल्या. आता येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून सांस्कृतिक जाणिवेच्या गोष्टी करणे बरे नव्हे. जुनी आळी ही जातीची उतरंडही होती. ती मोडली याचे दुःख कोणाला झाले आणि कोणाला झाले नाही? गावकुसाबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला नव्या वसाहतीतील सरळ रस्ता ही सुटकाही वाटू शकते. तेव्हा ‘पारंपरिक रचना जपा’ हा सल्लासुद्धा गावातील कोणत्या घराच्या ओसरीवर बसून लिहिला गेला, ते तपासावे लागते.

किल्लारीसंबंधी सखोल अभ्यास झालेच नाहीत असे नाही. नंतर परतून गेलेल्यांनी फार मोलाच्या नोंदी केल्या. रोहित जिग्यासू यांनी २००२ साली नॉर्वेतील विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात भारत आणि नेपाळमधील भूकंपप्रवण ग्रामीण भागांचा अभ्यास करताना स्थानिक ज्ञानाचा प्रश्न मध्यवर्ती मानला. मराठवाड्यातील घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा अनेक ठिकाणी तग धरून राहिला होता. कोसळल्या त्या भिंती. म्हणजे परंपरेतच सुरक्षिततेचे एक सूत्र होते आणि एक दोषही. दोन्ही वेगळे करून पाहणारा डोळा असता तर ‘दगड वाईट, सिमेंट चांगले’ हे ढोबळ समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले नसते.

दुःख मोजण्याची फूटपट्टी

घराचे नुकसान निदान दिसते तरी. मनाचे नुकसान मोजताना संशोधकाची परीक्षा अधिक कठीण होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत परदेशी मानसोपचार पथकांची रीघ लागली. त्यांच्याजवळ ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातोत्तर ताणविकाराच्या तयार प्रश्नावल्या होत्या. हे निदान अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात १९८० साली दाखल झाले, आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव मोठ्या प्रमाणात होता. दुःस्वप्ने, दचकणे, आठवणी टाळणे अशी त्याची लक्षणे एकेका व्यक्तीच्या मनात शोधली जातात.

श्रीलंकन वंशाच्या मानसशास्त्रज्ञ गायत्री फर्नांडो यांनी उलट बाजूने सुरुवात केली. तयार यादी न दाखविता त्यांनी लोकांना आपापल्या शब्दांत दुःख सांगू दिले आणि त्या कथनांवरून मोजमापाचे स्थानिक साधन तयार केले. त्यातून दिसले ते असे, की लोक आपली अवस्था ‘माझ्या मनात काय चालले आहे’ अशी न सांगता ‘माझी माणसांतली जागा काय झाली’ अशी सांगत होते. नातीगोती विस्कटणे, कुटुंबातील आपले कर्तव्य पार पाडता न येणे हा आघाताचा परिणाम नव्हे, तर आघातच होता. प्रश्नावलीत त्याला रकानाच नसेल तर अशा माणसाची नोंद ‘निरोगी’ म्हणून होणार.

आपल्याकडचे उदाहरण घेतले तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. मराठी माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. जीव घाबरा होतो, काळजात धस्स होते, अन्न गोड लागत नाही, असे तो सांगतो. इंग्रजी प्रश्नाचे शब्दशः भाषांतर करून विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच येईल. आणि काही प्रश्न भाषांतर अचूक असूनही विचारू नयेत असे असतात. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले. अशा दुर्घटनेत जिचा नवरा ढिगाऱ्याखाली आहे पण सापडलेला नाही, त्या बाईसमोर ‘वैवाहिक स्थिती’ हा रकाना ठेवला तर काय होते, याची कल्पना करावी. विवाहित की विधवा, अशी ती एक खूण. तिच्यासाठी तो कुंकवाचा प्रश्न असतो, दिवस-कार्य करावे की न करावे याचा असतो. दहाव्या-तेराव्याच्या आत दारात जायचे का, गेल्यास पाणी मागायचे का, पायरीवर बसायचे की खुर्ची स्वीकारायची, या गोष्टी संशोधनपद्धतीच्या पुस्तकात क्वचितच असतात. माहितीचा दर्जा मात्र त्यांवरच ठरतो.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. आपद्ग्रस्त गावात हाती कागद-पेन घेतलेला प्रत्येक माणूस ‘सरकारी साहेब’ असतो. त्याने नाव लिहून घेतले म्हणजे यादीत नाव लागले, असा समज होतो. मग उत्तरे अभ्यासासाठी दिली जात नाहीत, ती भरपाईसाठी दिली जातात. यात खोटेपणा शोधणे चुकीचे आहे. घर गेलेल्या माणसाने दुसरे काय करावे? आपण कोण आहोत, आपल्या लिहिण्यामुळे काय मिळणार नाही, हे सुरुवातीसच आणि त्या माणसाच्या बोलीत सांगणे ही संशोधकाची जबाबदारी आहे. संमतिपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली असे होत नाही.

परंपरा वाचवते आणि मारतेही

सांस्कृतिक जाणिवेच्या समर्थनार्थ इंडोनेशियातील सिमेलुए बेटाचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो खरोखर विलक्षण आहे. २००४ च्या भूकंपाचे केंद्र या बेटाच्या जवळ होते. तरीही सुमारे ७८ हजार वस्तीच्या बेटावर अवघे सात जण दगावले. इंडोनेशियात अन्यत्र, प्रामुख्याने आचे प्रांतात, दीड लाखांहून अधिक बळी गेले होते. फरक एका शब्दाचा होता. १९०७ साली या बेटावर आलेल्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या शब्दात, कहाण्यांत आणि अंगाईगीतांत जपली गेली होती. जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळायचे. कोणतीही यंत्रणा नसताना लोक पळाले आणि वाचले.

पण त्याच देशातील मेरापी ज्वालामुखीची कथा वेगळी आहे. डोंगराचे पारंपरिक राखणदार मानले जाणारे म्बाह मारिजान यांनी २००६ मध्ये घर सोडण्यास नकार दिला आणि ते बचावले. त्यांच्यावरील श्रद्धा त्यामुळे वाढली. २६ ऑक्टोबर २०१० रोजी पुन्हा उद्रेक झाला, तेव्हा ते आपल्या गावातच मरण पावले आणि त्यांच्याबरोबर गावात थांबलेले इतरही. सांस्कृतिक जाण म्हणजे स्थानिक श्रद्धेपुढे हात जोडणे नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे. तथापि ‘अंधश्रद्धा’ एवढेच लिहून वही मिटणाऱ्याचाही काही उपयोग नाही. लोक डोंगर का सोडत नाहीत याच्या उत्तरात देव असतो, तशी गुरेही असतात. गोठ्यातील गाईला चारा कोण घालणार, हा प्रश्न सुटला तर कित्येकदा देवाची हरकत राहात नाही.

पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत, २०१४ साली, शास्त्र आणि श्रद्धा यांची अशीच गाठ पडली. मृतदेहाला स्नान घालणे हा तेथील अंत्यविधीचा भाग, आणि संसर्गाचा एक प्रमुख मार्गही तोच. पांढऱ्या पोशाखातील पथके येऊन मृतदेह पिशवीत घालून नेऊ लागली, तशी माणसे आजारी आणि मृत नातलगांना लपवू लागली. मानववंशशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू यांच्याशी विचारविनिमय करून जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी ‘सुरक्षित आणि सन्मानपूर्वक’ दफनाची कार्यपद्धती जाहीर केली. कुटुंबाला उपस्थित राहता येईल, प्रार्थना होईल, स्पर्श मात्र होणार नाही. जीवशास्त्र तेच राहिले. वागण्याची रीत बदलली.

कोणाचे ‘स्थानिक’ मत?

स्थानिकांना विचारा, हा उपदेश सोपा आहे. स्थानिक कोण? त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मच्छीमार गावांच्या पारंपरिक पंचायतींशी बोलणे हा बाहेरच्या संस्थांना जवळचा मार्ग वाटला, आणि त्या पंचायतींनी मदतवाटपाचे काम शिस्तीने केलेही. परंतु त्यांत स्त्रिया नव्हत्या. दलित व इरुळर कुटुंबे मदतीपासून वंचित राहिल्याच्या तक्रारी पुढे आल्या. संस्कृती म्हणजे गावातील सर्वांत मोठ्या आवाजात सांगितली जाणारी हकीकत, असा समज करून घेणारा संशोधक नकळत एका पक्षाचा वकील होतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. चावडीवरचे उत्तर, पाणवठ्यावरचे उत्तर आणि वस्तीवरचे उत्तर वेगवेगळे असते, हे खेड्याशी ज्याचा संबंध उरला आहे त्याला ठाऊक असते.

स्थानिक संशोधकांचे स्थान हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. मोठी आपत्ती आली की श्रीमंत देशांतील विद्यापीठांतून पथके येतात, आठवडाभर माहिती गोळा करतात, परततात आणि शोधनिबंध प्रसिद्ध करतात. याला ‘हेलिकॉप्टर संशोधन’ असे बोचरे नाव आहे. ज्यांनी दुभाष्याचे, वाट दाखविण्याचे, ओळखी करून देण्याचे काम केले त्यांचे नाव बहुधा आभारांत असते, लेखकांत नसते. २०१८ साली इंडोनेशियातील पालू येथे भूकंप व त्सुनामी झाली, तेव्हा तेथील सरकारने परदेशी संस्थांनी स्थानिक भागीदारामार्फतच काम करावे असा निर्बंध घातला. त्यानंतरच्या वर्षी जे. सी. गेलार्ड आणि लोरी पीक या दोन नामवंत अभ्यासकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आपत्तिक्षेत्रातील संशोधनासाठी आचारसंहितेची मागणी केली. येण्यामागे स्पष्ट हेतू असावा, स्थानिकांच्या आवाजाला मान असावा, आणि बाहेरचे व आतले यांच्यात समन्वय असावा, अशी तिची तीन अंगे. एकाच बाईला पाच पथकांनी तेच पाच प्रश्न विचारू नयेत, एवढे जरी त्यातून साधले तरी पुष्कळ झाले.

लोरी पीक यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या नॅचरल हॅझर्ड्स सेंटरमध्ये ‘कन्व्हर्ज’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात संशोधकांसाठी इंटरनेटवरून शिकता येतील असे छोटे अभ्यासपाठ तयार करण्यात आले आणि त्यांपैकी एक सांस्कृतिक सक्षमतेवरच आहे. पाठ उपयुक्त आहेत. परंतु तासाभराच्या पाठातून मराठवाड्यातील ‘सोपा’ कळणार नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने किल्लारीच्या पुनर्वसनात लोकसहभागाच्या कामात भाग घेतला होता आणि पुढे तेथे आपत्ती व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील भूकंप किंवा जलशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत मात्र हा विचार अद्याप पुरेसा झिरपलेला दिसत नाही. भिंतीचे गणित करणाऱ्याने भिंतीआडच्या माणसाशी बोलण्याचे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षाच आपण ठेवलेली नाही. सर्वेक्षणासाठी शहरातील विद्यार्थी एका दिवसाच्या तयारीवर गावोगाव धाडले जातात, आणि बायकांच्या मुलाखतीला बाई असावी इतकी साधी गोष्टही कित्येकदा अंदाजपत्रकात बसत नाही.

किल्लारीच्याच भागात याला उत्तर म्हणावा असा एक प्रयोग झाला होता. पूर्ण पुनर्वसित ५२ गावांखेरीज इतर शेकडो गावांत घरांची जागेवरच दुरुस्ती व बळकटीकरण करावयाचे होते आणि ते काम घरमालकांनी स्वतः करायचे होते. सरकारी अभियंता आणि गावकरी यांच्यात बोलणार कोण, हा प्रश्न होता. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावांत स्थानिक महिलांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. या बायका घरोघर जात, तांत्रिक माहिती गावच्या भाषेत सांगत, पैसे आणि साहित्य कोठे अडले आहे ते विचारीत आणि ते वरपर्यंत पोहोचवीत. त्यांना कोणी संशोधक म्हटले नाही. पण कोणत्या घरात कोणता प्रश्न कोणाला विचारायचा, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नव्हते.

२००१ च्या जानेवारीत कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील या महिलांपैकी काही जणी तेथे गेल्या. त्यांची भाषा वेगळी होती, पेहराव वेगळा होता. पण घर पडल्यानंतर पहिल्या पावसाळ्यापूर्वी बाईला कशाची चिंता असते, हे त्यांना कोणाकडून शिकावे लागले नव्हते.